ट्रेमध्ये एक कणही नाही

रविवार, २ नोव्हेंबर. दुपारी.

वही पुन्हा सुरू करतोय. पहिली तीन पानं फाडली. त्यात कॉलेजविषयी होतं आणि भाषा बरी नव्हती. आता नवं आयुष्य.

आधी एक नोंद स्वच्छ हवी. मी कॉलेज सोडलं. मला काढलं नाही. लॅबचे सर म्हणाले, प्रॅक्टिकल झालं की बीकर धुऊन ठेवायचं. मी म्हणालो, मी केमिस्ट्री शिकायला आलोय, भांडी घासायला नाही. ते म्हणाले, मग जा. मी गेलो. हा हट्ट नव्हे, तत्त्व आहे. बाबांनी दीड महिना तत्त्व ऐकून घेतलं आणि मग मला आत्याकडे धाडलं. आत्याचं लहान प्राण्यांचं पाळणाघर आहे. लोक बाहेरगावी गेले की ससे, गिनिपिग, पोपट इथे आणून ठेवतात. आत्याचे गुडघे वाकत नाहीत, म्हणून पिंजऱ्यांचे ट्रे घासायचं काम माझ्याकडे.

आत्या म्हणते, बीकर फारच लहान होतं रे, तुला शोभत नव्हतं.

फ्रिजवर बाबांनी पाठवलेला परत-प्रवेशाचा फॉर्म आहे. शेवटची तारीख चोवीस. मी तो रोज मासिकाखाली झाकतो, आत्या रोज वर काढते.

हे सगळं सकाळी अकरापर्यंतचं. अकराला ती आली.

खांद्यावर ट्रायपॉड, बुटांना लाल माती, रिक्षात एक उंच पिंजरा. पिंजऱ्यात दोन चिंचिला. चिंचिला म्हणजे उंदीर आणि ससा यांचं भांडण मिटवण्यासाठी देवाने काढलेला मखमलीचा गोळा. करड्या रंगाची ती राखुंडी, पांढरी ती कापूस. दोघी माद्या. ती सर्व्हेअर आहे. डोंगरातल्या नव्या रस्त्याची मोजणी करायला तीन आठवडे निघालीय, आणि पहिल्यांदाच टीम तिच्या हाताखाली आहे. वर नेटवर्क नाही. दोन-तीन दिवसांनी सामानाला खाली उतरतील तेव्हा मेसेज बघेल. तेवीसला परत.

पिंजऱ्याचं एक टोक तिने धरलं, एक मी. चौदा पायऱ्या आम्ही एकत्र चढलो. माझ्या आयुष्यात मी कुणाबरोबर इतकं काही केलेलं नाही.

ती माझ्याशी चार वाक्यं बोलली:
तू नवीन का?
जिना जपून.
हाताला सेंटबिंट नाही ना, यांना चालत नाही.
ट्रेचं तेवढं नीट बघ, मला सगळं ट्रेवरून कळतं.

चौथं वाक्य पुन्हा पुन्हा आठवतंय. माणूस कसा आहे हे ती ट्रेवरून ओळखते. अशी मुलगी कॉलेजात एकही नव्हती.

संध्याकाळी.

आत्याशी पैज लावली. तेवीसला ती आली की मी तिला विचारणार. ती हो म्हणाली तर मी कायमचा इथे, फॉर्म फाडायचा. नाही म्हणाली तर चोवीसला गुपचूप भरायचा. आत्या म्हणाली, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग ऐकलं होतं, इथे तर गुडघेही माझेच दुखतायत. पण लागली पैज म्हणाली.

सकाळी जाताना तिने सूचनांचा कागद दिला. तिच्या हातचा. आठ सूचना. आठवी अगदी खालच्या टोकाला, अक्षर बारीक करत कशीबशी बसवलेली: रोज सकाळी ट्रेचा फोटो पाठवायचा. तिला अजून लिहायचं होतं हे उघड आहे, कागद पुरला नाही. कागद हरवू नये म्हणून पाठीला भरपूर डिंक लावून वहीत इथेच चिकटवलाय. आता सुटायची बात नाही.

सोमवार, ३ नोव्हेंबर. सकाळी ६.४०

पहिला दिवस. पिंजऱ्याच्या तळाला जाळी, जाळीखाली स्टीलचा ट्रे, ड्रॉवरसारखा ओढून काढायचा. ओढला. दोन मखमली गोळे एका रात्रीत इतकं करू शकतात यावर विश्वास बसला नाही. लेंड्या. शेकडो. तांदळाच्या दाण्यांसारख्या, कोरड्या, ट्रे हलवला की खुळखुळ वाजतात. मोजायचा प्रयत्न केला, दोनशे साठनंतर अपमान वाटला म्हणून सोडून दिलं. कोपऱ्यात शू वाळून पांढरा थर.

हा फोटो तिला पाठवायचा? शक्यच नाही. पाहुणे येण्याआधी घर आवरतात की आल्यावर? आधी घासला, मग फोटो.

सूचना पाच: तारेची घासणी वापरू नये, ओरखड्यांत वास बसतो. हे सर्वसाधारण लोकांसाठी असावं. मी हलक्या हाताने वापरली. थोडीशीच. मग जरा जोरात.

फोटो नऊ काढले, सगळ्यांत चकचकीत तो पाठवला. खाली काही लिहिलं नाही. काम बोलतं.

ट्रे परत सरकवताना राखुंडी मागच्या पायांवर उभी राहिली, माझ्याकडे नीट पाहिलं आणि शू उडवली. थेट. शर्टाच्या खिशापर्यंत. योगायोग.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

पांढरा थर तारेने जात नाही. तो क्षार आहे, त्याला आम्ल हवं. केमिस्ट्रीचं दीड वर्ष वाया गेलं नाही, हे बाबांना कुणीतरी सांगा. व्हिनेगर आणायला गेलो. दुकानदार म्हणाला, लोणचं घालताय का. मी म्हणालो, तुम्हाला काय करायचंय. तो म्हणाला, सहज विचारलं. मी म्हणालो, सहज विचारायची सवय वाईट आहे. बाटली मिळाली, पण पुढच्या वेळी लांबच्या दुकानात जावं लागेल.

संकल्प: राग आवरणे.

व्हिनेगर अर्धं, पाणी अर्धं, वीस मिनिटं भिजवून ठेवलं. थर सुटला. मग गरम पाण्याने तीनदा धुतला, वास राहू नये म्हणून. कोरड्या फडक्याने पुसला. ट्रे नाही, पौर्णिमेचा चंद्र.

लेंड्या एका कापडी पिशवीत भरून ठेवतो. शेजारचे निवृत्त हेडमास्तर गुलाबांना घालायला दर रविवारी घेऊन जातात.

फोटो अकरा. पाठवला एक.

आत्याने विचारलं, रोज सकाळी कसले फोटो काढतोस. मी म्हणालो, खासगी. ती म्हणाली, ट्रेचे खासगी फोटो काढणारा आमच्या घराण्यातला तू पहिलाच.

राखुंडीने पुन्हा उडवली. आज चष्म्यावर. योगायोग क्रमांक दोन.

बुधवार, ५ नोव्हेंबर. दुपारी २.१०

तिचा मेसेज. जसाच्या तसा उतरवून ठेवतो: ट्रे एवढा रिकामा कसा? खातायत ना दोघी?

एवढा. या शब्दात कौतुक मावत नाहीये. तीन फोटो बघून मुलगी थक्क झाली.

उत्तर लिहायला चाळीस मिनिटं लागली. आधी अठरा ओळींचं लिहिलं, व्हिनेगरच्या प्रमाणासकट. मग पुसलं. श्रमांची जाहिरात करणारा पुरुष हलका वाटतो. नियम ठरवला: तिला तीन शब्दांपेक्षा जास्त लिहायचं नाही. कमी बोलणाऱ्याबद्दल कुतूहल वाढतं.

पाठवलं: दोघी मजेत आहेत.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

व्हिनेगरनंतर वर्तमानपत्राच्या बोळ्याने घासलं तर स्टील आरशासारखं होतं, हा माझा स्वतःचा शोध. आज ट्रेमध्ये माझा चेहरा दिसला. जरा पसरट, पण मीच. तेवीसला तिला तिचा दिसेल. शेजारी माझा. एकाच ट्रेमध्ये.

एक अडचण. राखुंडीलाही तिचा दिसतो. जाळीतून खाली बघते, खाली दुसरी राखुंडी. तिच्यावर शू उडवते. ती दुसरी पळत नाही. मग पुन्हा उडवते. त्यामुळे थर जास्त, त्यामुळे घासणं जास्त, त्यामुळे चकाकी जास्त, त्यामुळे शू जास्त. आत्या म्हणाली, आरशाशी भांडणारं जनावर आधीच एक पोसतेय मी, त्यात ही दुसरी. कुणाविषयी बोलली कळलं नाही. पोपट असावा.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

पाहुण्या सशाने आत्याच्या फोनचा चार्जर कुरतडला, त्या गडबडीत फोन पाण्याच्या बादलीत गेला. फोन दुरुस्तीला, दुरुस्तीवाला म्हणतो आठ दिवस. आता या घरात बाहेरच्या जगाशी संपर्क फक्त माझा.

सशावर ओरडलो. सशाने कान हलवला.

संकल्प: राग आवरणे (परत).

शनिवार, ८ नोव्हेंबर. सकाळी ११

मेसेज: आजही ट्रेमध्ये काहीच नाही. मला चैन पडत नाही. प्लीज डॉक्टरांना दाखव.

चैन पडत नाही. लिहिलंय तिने. मी चौदा वेळा वाचलं.

आता डॉक्टरांना दाखव म्हणजे काय? विषय ट्रेचा चाललाय, म्हणजे ट्रेच. ट्रे इतका उत्तम ठेवता येतो हे तिला डॉक्टरांना दाखवून द्यायचंय. इथले प्राण्यांचे डॉक्टर तरुण आहेत, हात शांत आहेत, सगळ्यांशी हळू बोलतात. मला ते आधीपासून पसंत नाहीत. पण ती म्हणाली म्हटल्यावर गेलो.

ट्रे टॉवेलात गुंडाळून नेला. दवाखान्यात सगळ्यांच्या मांडीवर मांजरं, कुत्री, माझ्या मांडीवर ट्रे. शेजारच्या बाईंनी विचारलं, काय होतंय याला. मी टॉवेल आणखी घट्ट गुंडाळला.

डॉक्टरांनी टॉवेल उघडला. ट्रेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, ट्रेखाली पाहिलं. म्हणाले, प्राणी कुठे आहे. मी म्हणालो, घरी, मजेत. म्हणाले, मग हे काय. मी म्हणालो, हा ट्रे, बघा. त्यांनी बघितला. म्हणाले, स्वच्छ आहे. मग म्हणाले, दवाखान्यात नुसता ट्रे घेऊन कुणी आलेलं मी आजवर असं पाहिलं नव्हतं.

आवाजात मत्सर होता.

रविवार, ९ नोव्हेंबर

हेडमास्तर पिशवी घ्यायला आले. म्हणाले, यावेळचा माल उत्कृष्ट आहे, गुलाब खूश होतील. त्यांना विचारलं, प्रेमात पडलेल्या माणसाने काय करावं. ते म्हणाले, पाणी कमी घालावं, मुळं कुजतात. बहुतेक गुलाबांविषयी बोलत होते, पण मला तीन शब्दांचा नियम आठवला. योग्य मार्गावर आहे.

नवी रिकामी पिशवी टांगली.

राखुंडी: डाव्या कानात.

सोमवार, १० नोव्हेंबर. दुपारी ४

मेसेज: डॉक्टर काय म्हणाले? खरं सांग.

माझ्याविषयी कोण काय म्हणतं याची एवढी उत्सुकता. खरं सांग म्हणतेय, म्हणजे मी नम्रपणा करीन हेही ओळखून आहे.

डॉक्टरांचं वाक्य लांब होतं. नियमात बसवावं लागलं. पाठवलं: असं पाहिलं नव्हतं.

पुढच्याच मिनिटाला उत्तर: म्हणजे???

तीन प्रश्नचिन्हं. बाप रे. उत्तर दिलं नाही. मोहवणारं मौन.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

सकाळी ९.०५ ला तिचा फोन. फोन! उचलला नाही. लगेच उचलणारा माणूस रिकामटेकडा वाटतो. ९.०७ ला परत. ९.०८ ला परत. मग मेसेज: फोन उचल.

असा हुकूम आपल्या माणसालाच करतात.

९.३० ला मी सावकाश, घसा साफ करून फोन लावला. संपर्कक्षेत्राबाहेर. ९.३१, ९.३२ आणि पुढे एकूण बावीस वेळा. क्षेत्राबाहेर. दिवसभर ट्रे घासत बसलो. एकच ट्रे. आत्या म्हणाली, झिजून त्याला भोक पडलं तर खाली दुसरा ट्रे लावावा लागेल.

कापूस शांत आहे, छान खाते. राखुंडीसुद्धा खाते. दोघींचं पोट तपासलं नाही तरी दिसतंय, दोन चेंडू झालेत. ओला पाला द्यायचा नाही, वाळलेलं गवत भरपूर द्यायचं, सूचना दोन. मी मूठभर जास्तच देतो.

बुधवार, १२ नोव्हेंबर. संध्याकाळी ६.४५

मेसेज: मी काम सोडून निघालेय. उद्या सकाळी पोचते. तोवर त्यांना एकटं सोडू नकोस.

घाईत लिहितोय, अक्षर माफ.

काम सोडून. अकरा दिवस आधी. तिची पहिली टीम, पहिली जबाबदारी, ते सगळं सोडून डोंगर उतरून येतेय. असं कधी ऐकलं नव्हतं. आत्याला मेसेज वाचून दाखवला. आत्याने तो पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाली, काहीतरी चुकतंय रे. मी म्हणालो, पैज हरताना असंच वाटतं.

तयारी: ट्रे तीनदा. शर्ट इस्त्री. भाषण पाठ, सुरुवात अशी: चौदा पायऱ्या आपण एकत्र चढलो, पुढच्याही. शेवट अजून सापडत नाही. शेवट तीच करेल.

मासिक काढून फॉर्मवर उलट बाजूने राखुंडीचं चित्र काढलं. नंतर खोडलं. फाडणारच आहे म्हणा.

गुरुवार, १३ नोव्हेंबर. सकाळी ७.२०

आत्ता घासला. आयुष्यातला सर्वोत्तम. जिन्यावर बूट वाजतायत. दोन जोड.

त्याच दिवशी, दुपारी.

क्रमाने लिहितो. क्रम पाळला की माणूस सावरतो म्हणतात.

ती आली. मागे डॉक्टर. ती रात्रभर जीप आणि बसमध्ये होती, केसांत गवत, डोळे लाल. मी म्हणालो, चौदा पायऱ्या. ती मला ओलांडून पिंजऱ्याकडे गेली आणि गुडघ्यांवर बसली. राखुंडी आणि कापूस फळीवर बसून गवत खात होत्या. तिने दोघींना एकेक करून बाहेर काढलं, डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, कान लावून ऐकलं. म्हणाले, दोघी ठणठणीत आहेत, उलट वजन वाढलंय.

ती म्हणाली, मग दहा दिवस लेंडी कशी नाही.

तिने ट्रे ओढून काढला. चकचकीत होता.

मग ती मला म्हणाली, हळू, लहान मुलाला विचारतात तसं, की तू फोटो कधी काढतोस. मी म्हणालो, झाडून, घासून, धुऊन, पुसून झाल्यावर. ती म्हणाली, रोज? मी म्हणालो, रोज, एकदाही चुकलो नाही.

डॉक्टर म्हणाले, आता कळलं, शनिवारी हा माझ्याकडे नुसता ट्रे घेऊन आला होता.

चिंचिलाने लेंडी टाकणं थांबवलं की पोट बंद पडलेलं असतं, दोन-तीन दिवसांत जीव जातो, असं डॉक्टरांनी मला समजावलं. ट्रे हाच त्यांचा रिपोर्ट असतो. ती प्रत्येक फोटोत तेवढंच शोधत होती. दहा दिवस मी तिला, सर्वोत्तम प्रकाशात, दोन मेलेल्या चिंचिला पाठवत होतो.

ती म्हणाली, पिशवी वगैरे काही ठेवलंयस का. मी धावत जाऊन कापडी पिशवी आणली, रविवारपासूनची. तिने हात आत घातला. मूठभर लेंड्या तळहातावर घेतल्या, उजेडात धरल्या, बोटाने सारख्या केल्या. आणि म्हणाली, किती छान आहेत.

एवढ्या मायेने ती या घरात दुसरं काही बोललेली नाही.

मग ती उलट्या बादलीवर बसली आणि हसली, मग रडली, मग पुन्हा हसली. मला वाटलं आता भाषणाची वेळ, पण ती पिंजऱ्याला डोकं टेकून झोपून गेली. हातात लेंड्या तशाच.

नंतर हेडमास्तर कशाला तरी आले. त्यांना कुणीतरी सगळं सांगितलं. म्हणाले, मला विचारायचं होतं, माझ्याकडे बाकीचा पुरावा जमिनीत होता.

त्याच दिवशी, संध्याकाळी.

उठल्यावर चहा घेताना ती म्हणाली, मी रागावले नाहीये. मोजणीचं काम तिने दुसऱ्या सर्व्हेअरकडे सोपवलंय. आता परत गेली तरी त्याच्या हाताखाली. हेही रागावून म्हणाली नाही. रागावली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं, रागावर बोलायचा मला सराव आहे.

मग म्हणाली, पण मागच्या बाजूला लिहिलं होतं ना सगळं.

मागची बाजू.

किटलीच्या वाफेवर वही धरली. डिंक उत्तम प्रतीचा होता, अर्धा तास लागला. कागद सुटला. मागे, तिच्याच अक्षरात:

तो झाडण्याच्या आधी काढायचा, किती लेंड्या आहेत ते मला दिसलं पाहिजे.
९. एका दिवसात लेंडी दिसली नाही तर दोघींना घेऊन डॉक्टरांकडे.
१०. माझा फोन आला तर लगेच उचलायचा.
११. राखुंडी अनोळखी माणसावर शू उडवते. घाबरू नये. आठवड्यात ओळख झाली की बंद करते.

आज बारावा दिवस. सकाळी दोनदा.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

ती सकाळच्या बसने परत डोंगरावर गेली. मी म्हणालो, दोघींना डॉक्टरांकडे ठेवणार असशील. ती म्हणाली, नको, इथेच राहू दे, एवढ्या गुबगुबीत त्या माझ्याकडेही नव्हत्या. आत्याला म्हणाली, तुमचा भाचा मनापासून करतो, फक्त त्याला पान उलटायला शिकवा.

मनापासून. हा शब्द ती गंमत म्हणून वापरणारी नाही. तेवीस तारीख अजून आहे. पैज तारखेची होती, अपघाताने आधी झालेली भेट धरायची नसते. आत्याला हा मुद्दा पटवला. ती म्हणाली, पटला नाही, पण ऐकला.

शनिवार, १५ नोव्हेंबर

फोटो. झाडण्याआधी. घाण आहे. पाठवताना डोळे मिटले.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

तिचं उत्तर: मस्त! आज तर भरपूर!

लेंड्यांचं आहे. तरी जपून ठेवलं.

आता ट्रे मी फक्त व्हिनेगर आणि मऊ ब्रशने धुतो. ओरखड्यांत खरंच वास बसतो, पाचवी सूचना बरोबर होती. चकाकी गेली. राखुंडीला खालची ती दिसत नाही, त्यामुळे आता सगळं माझ्यावरच.

रागाचे प्रसंग: शून्य. दुकानदाराला आपण होऊन सांगितलं की व्हिनेगर चिंचिलाच्या ट्रेसाठी होतं. तो म्हणाला, मी कुठे काय विचारलं.

शनिवार, २२ नोव्हेंबर

भाषण लहान केलं. तीन शब्द नाहीत, पण एका श्वासात मावतं.

रविवार, २३ नोव्हेंबर. दुपारी.

ती ठरलेल्या वेळी आली. पिंजरा उतरवायला एक टोक तिने धरलं, एक मी. उतरताना पायऱ्या लवकर संपतात. शेवटच्या पायरीवर विचारलं. नीट, सरळ, न ओरडता. मला तू आवडतेस, माझ्याबरोबर राहशील का.

तेवढ्यात राखुंडीने उडवली. तोंडावर. मी पिंजरा सोडला नाही, एवढं इथे लिहून ठेवतो.

तिने खिशातून रुमाल काढून दिला. म्हणाली, विचारलंस ते बरं केलंस. मग म्हणाली, नाही रे. आणि त्यानंतर एकही कारण दिलं नाही, त्यामुळे वाद घालता आला नाही.

रिक्षा सुरू झाल्यावर थांबवली. मला वाटलं. पण म्हणाली, तो सूचनांचा कागद दे, पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाला द्यायला लागेल. वर जाऊन आणला. एका कोपऱ्याला वहीचं पान चिकटलेलं राहिलं होतं, त्यावर माझ्या अक्षरात चौदा पायऱ्या असं वाचता येत होतं. तिने वाचलं की नाही माहीत नाही. कागद घडी करून खिशात घातला.

रुमाल द्यायचा राहिला. धुतलाय. व्हिनेगरने नाही.

सोमवार, २४ नोव्हेंबर. सकाळी ९

फॉर्म भरतोय. पैज म्हणजे पैज. मासिक उचलून आत्याने सशाच्या पिंजऱ्यात घातलं.

रकाना सात: कॉलेज सोडण्याचं कारण. आधी लिहिलं तत्त्व. मग खोडून लिहिलं, बीकर.

आता फोटो हवा. फॉर्मवर चिकटवायला, चेहरा स्पष्ट, पार्श्वभूमी पांढरी, आज बारापर्यंत. फोनमध्ये पाहिलं. एकशे एकोणतीस फोटो. सगळे ट्रेचे. माझा एकही नाही.

आत्या चष्मा लावून सगळे बघत बसली. सहा तारखेच्या एका ट्रेमध्ये मी सापडलो. पसरट आहे, हातात वर्तमानपत्राचा बोळा आहे, कानाला काहीतरी लागलंय. पण पार्श्वभूमी पांढरी आहे.

आत्या म्हणाली, हाच लाव, चेहरा ओळखतील ते.

प्रिंट काढायला चाललोय. मागच्या बाजूला डिंक अगदी थोडा लावणार आहे.